चार भोकं, अडीच मिलिमीटर

शफीभाई कशाकशाला भितो, हे चिमूरच्या बाजारात सगळ्यांना पाठ होतं. बांधलेल्या कुत्र्याला भ्यायचा. तहसीलचा शिक्का असलेल्या कागदाला भ्यायचा, मग तो कागद दुसऱ्याच्या नावाचा का असेना. शेजारचा पानठेलेवाला दादाजी म्हणायचा, "शफीभाई सावलीले विचारून पाय टाकते." पण घरचा कुकर बिघडला की हाच दादाजी तो दुसऱ्या कोणाकडं नेत नसे. त्याचा हिशेब सरळ होता. भित्रा मिस्त्री वायसर तीनदा दाबून पाहतो. धीट मिस्त्री एकदाच पाहतो आणि पुढं स्वयंपाकघरात काय होतं ते बघायला हजर नसतो.

शफीभाई एकदा हजर होता, तेही स्वतःच्याच घरात. तेरा वर्षं झाली त्याला. तुरीच्या डाळीचं एक टरफल शिट्टीच्या नळीत अडकलं. सेफ्टी व्हॉल्व जुना झालेला, पण "चालते अजून" म्हणून त्यानंच ठेवलेला. झाकण छपराचे कवेलू फोडून वर गेलं आणि जिथं परत आलं, तिथं क्षणभर आधी त्याची चार वर्षांची पोरगी निशात बसली होती. बायकोने, शहजादीने, तिला नाक पुसायला उचललं, म्हणून ती जिवंत राहिली. शेंबडाने वाचवलेली पोरगी, असं शहजादी हसून सांगायची. शफीभाई त्या गोष्टीवर कधी हसला नाही. एवढंसं भोक बुजलं की काय होतं, ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

तीच निशात आता बारावी सायन्सला होती आणि कॉलेजच्या ज्योत्स्नामॅडमच्या हाताखाली रॉकेट बनवत होती. दिवाळीतलं नव्हे. माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, कागदाच्या रिळाच्या जाड नळीचं, खाली चार पंख, पोटात पॅराशूट. पोलीस ठाण्यात अर्ज तीनदा लिहावा लागला, कारण पहिल्या दोन अर्जांत 'रॉकेट' हा शब्द होता आणि तो वाचून साहेबांनी चहा खाली ठेवला होता. तिसऱ्या अर्जात 'विज्ञान प्रात्यक्षिक' लिहिलं, तेव्हा सही झाली.

शुक्रवारी सकाळी निशात रॉकेटचा मधला तुकडा घेऊन दुकानात आली. वीतभर नळी, दोन्ही तोंडांना झाकणं. घरात ते हिंदी बोलत. पण रॉकेटचं सगळं ती मॅडमकडून मराठीत शिकली होती, म्हणून त्याबद्दल मराठीतच बोले.

"अब्बा, याले भोकं पाडून द्या. चार."

शफीभाईने नळी उलटीपालटी केली. "भोकं? माह्या दुकानात लोक भोकं बुजवाले येते."

"याच्या आत यंत्र बसते. उंची मोजाचं. वर गेलं की हवा पातळ होते. यंत्र हवेचा दाब पाहात राह्यते. दाब कमी व्हायचा थांबला म्हणजे रॉकेट शेंड्याले पोचलं. तेव्हा ते पॅराशूट फेकते."

"आणि भोक नसलं तं?"

"तं आतमधली हवा जमिनीवरचीच राह्यते. यंत्राले वाटते, आपण अजून खालीच आहो. पॅराशूट नाई. दीड किलोचं भालं तीनशे मीटरवरून सुदं खाली."

ती हे सगळं पाढे म्हटल्यासारखं म्हणाली. शफीभाईने नळी हळूच काउंटरवर ठेवली.

"तू कुठी राह्यशील तेव्हा?"

"बटनाजवळ. चाळीस पावलांवर."

"बाकीचे?"

"दोरीच्या मांगे. दीडशे पावलांवर."

म्हणजे दोन-चारशे माणसांत त्या भाल्याच्या सगळ्यांत जवळ कोण, हे त्याला बोटांवर न मोजता कळलं. त्याने ड्रिलची पेटी उघडली आणि त्यातला सगळ्यांत जाड, सहा मिलिमीटरचा पाता काढला. "हा घेऊ. काही अडकाचं कामच नाई."

"नाई अब्बा. मोठं झालं तं वाऱ्याची झुळूक आत शिरते. यंत्राले वाटते शेंडा आला, आणि भरवेगात पॅराशूट फेकते. चिंध्या होते त्याच्या."

"लहान झालं तं उशीर, मोठं झालं तं घाई," शफीभाई म्हणाला. "शिट्टीवानीच आहे हे." आणि पहिल्यांदा त्याला ती नळी ओळखीची वाटली.

निशातने वहीत मांडून आणलं होतं. नळीत हवा किती मावते त्यावरून भोक ठरायचं. एकच पाडायचं तर साडेचारच्या थोडं वर. पण एका भोकावर एका बाजूचा वारा नेमका लागतो. चारी बाजूंना चार पाडली की एकाची चूक दुसरं सांभाळतं.

"मंग साडेचार भागिले चार. एकाच्या थोडं वर," शफीभाई म्हणाला.

"नाई. रुंदी अर्धी केली की भोकातून जाणारी हवा पाव होते. म्हणून चार भोकं, पण अर्ध्या मापाचे. सव्वादोनच्या थोडं वर."

शफीभाईने त्या वहीकडं बराच वेळ पाहिलं. तीस वर्षं शिट्ट्यांच्या नळ्या साफ केल्या, पण हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पेटीत दोनचा पाता होता आणि अडीचचा. त्याने अडीचचा घेतला. नळीभोवती दोरा गुंडाळला, दोरा चार घड्या करून खुणा केल्या, आतून लाकडाचा ठोकळा लावला म्हणजे कागद फाटायला नको. चारही भोकांच्या कडा कानस फिरवून गुळगुळीत केल्या. मग डोळ्याला लावून प्रत्येकातून आरपार पाहिलं. तीनदा.

तो अडीचचा पाता त्याने परत पेटीत ठेवला नाही. कागदात गुंडाळून खिशात टाकला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लोक ताईत बाळगतात, तसं काहीसं.

रविवारी सकाळी दहाला अख्खी मंडळी गावाबाहेरच्या कापलेल्या धानाच्या बांधीत जमली. तीन बाजूंनी मोकळं, चौथ्या बाजूला सागाचं, वाघांचं जंगल; म्हणून वनरक्षक काठी घेऊन त्या टोकाला बसलेला आणि पोरांना एकट्यानं तिकडं जायची मनाई. मांडव कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी दिला होता. गुणवंतरावांनी दिलेली गोष्ट लगेच ओळखू यायची, कारण तिच्यावर गुणवंतरावांचा फोटो असायचा. पाण्याच्या टाकीवर होता, स्मशानातल्या बाकड्यांवर होता. शफीभाईचं दुकान ज्या गाळ्यात होतं तो गाळाही त्यांचाच, आणि त्याचा करारनामा पुढच्या महिन्यात बदलायचा होता. शफीभाईच्या भीतीची यादी वरून वाचायला घेतली, तर कुत्र्याच्या आधी गुणवंतराव लागले असते.

रॉकेट बांधीच्या मधोमध लोखंडी सळईला टेकवून उभं होतं. नागपूरहून रॉकेटची मोटार घेऊन आलेल्या इंजिनियर चंचलताईंनी वायर जोडल्या. निशातने स्क्रू फिरवून यंत्र चालू केलं; बारीक पिप्-पिप् ऐकू आलं. मग ती वायर सोडत, पाठमोरी, आपल्या टेबलाकडं चालू लागली. गळ्यात लाल दोऱ्याला बटनाची चावी. नियम तिने सगळ्यांना दोनदा सांगितला होता: दोरीच्या आत माणूस दिसला, की चावी बाहेर.

तेवढ्यात माइकवरून चंचलताईंचं आणि ज्योत्स्नामॅडमचं नाव पुकारलं. शाल आणि नारळ द्यायचे होते. दोघी मांडवाकडं गेल्या. रॉकेटपाशी कोणी उरलं नाही.

आणि मग अतुल दोरीखालून आत गेला. दोरी सगळ्यांसाठी होती; गुणवंतरावांचा माणूस सगळ्यांत मोडत नसे. त्याच्या हातात गुंडाळी होती. ती त्याने उलगडली, रॉकेटच्या छातीभोवती लपेटली आणि तळहाताने दाबत, बुडबुडा राहू न देता, गोल फिरवत चिकटवली. दुरून गुणवंतरावांचा हसरा चेहरा दिसायला लागला, हात जोडलेले, खाली लाल अक्षरांत 'सौजन्य'.

शफीभाई दोरीपाशीच उभा होता. कारागीर माणूस, आधी त्याच्या मनात आलं, हात साफ आहे पोराचा. मग त्याने नजरेने खालून मोजलं. पंख, मोटार, आणि त्याच्या वर मधला तुकडा. फोटो नेमका त्याच्यावर होता.

अतुल परत येत होता. "अतुलभाऊ, तिथी भोकं होते ना?"

"होते ना चार. फोटोत बरे दिसत नव्हते. झाकून देल्ले."

"ते... हवेचे होते."

"हवा लय आहे बाहेर," अतुल म्हणाला आणि मांडवाकडं निघून गेला. त्याला खुर्च्या मोजायच्या होत्या.

शफीभाईने मांडवाकडं पाहिलं. मॅडमच्या खांद्यावर शाल चढत होती. त्याने निशातकडं पाहिलं. ती टेबलावर वाकून वायर जोडत होती. त्याने हाक मारली, पण त्याच्या डोक्यावर दोन भोंगे होते आणि भोंग्यांत गुणवंतराव. चंद्रावर आपला देश पोचला, आता चिमूरनं मांगे काऊन राह्यचं, असं ते विचारत होते. फोन सगळ्यांचे सुरक्षेसाठी टोपलीत जमा केलेले.

त्याने पुन्हा हाक मारली. शेजारच्या एकाने त्याला गप्प केलं. "भाऊ बोलून राह्यले ना, शफीभाई."

भीती माणसाला काय करते, हे शफीभाईइतकं कोणाला ठाऊक असेल. डोक्यात एक शहाणा माणूस बसून सबबी लिहून देत राहतो. फोटो सैल असेल. वर जाताना फाटेल. एखादं भोक उघडं राहिलं असेल. निशात पाहीलच. तू कोण? तू कुकरवाला. चारशे माणसांत अध्यक्षांचा फोटो फाडायला निघालेला कुकरवाला, पुढच्या महिन्यात करारनामा.

"चालते अजून," तो शहाणा माणूस म्हणाला.

हे शब्द शफीभाईने ओळखले. तेरा वर्षांपूर्वी त्याचेच होते.

"दहा," भोंगा म्हणाला. लोकांनी ओरडून साथ दिली. "नऊ."

आठला त्याने दोरी धरली. सातला कोणीतरी त्याच्या सदऱ्याला मागून ओढलं. सहाला तो दोरीखाली वाकला, तशी टोपी पडली, ती उचलावी की नाही यात अर्धा आकडा गेला. पाचला तो आत होता.

तो धावला नाही. पाय धावायला तयारच नव्हते. दोन्ही हात वर करून, धसकटांतून अडखळत, तो नेमका त्या वस्तूच्या दिशेने चालत गेला जिच्यापासून आयुष्यभर लांब राहायचं त्याने ठरवलं होतं. प्रत्येक पावलाला वाटे, आता आग निघेल. चार. निशातने पाहिलं असेल? तीन. तिच्याकडं मान वळवायचाही धीर होईना. वळवली आणि ती अजून वाकलेलीच असली तर? दोन. पायाखाली एक काडी कडकडली आणि त्याच्या तोंडून कलमा निघाला. एक.

"शून्य," गुणवंतराव म्हणाले, दमदारपणे.

काही झालं नाही. मागून कोणीतरी हसलं.

शफीभाईने मान वळवली. निशात टेबलाच्या पुढं येऊन उभी होती. हात डोक्यावर, मुठीतून लाल दोरा लोंबत होता.

"काय झालं बे?" भोंग्यातून आलं. माइक बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

तो रॉकेटपाशी पोचला, तशी निशात पळत आली. तिच्या मागोमाग चंचलताई, खांद्यावर शाल, हातात नारळ तसाच. फोटो पाहिल्याबरोबर दोघींचेही चेहरे उतरले. काही समजावावं लागलं नाही.

"चाबी कुठी आहे?" शफीभाईने विचारलं.

"माह्या हातात."

"दाखव."

तिने दाखवली. त्याने आणखी दोनदा विचारलं. तिने दोन्हीदा दाखवली. चंचलताईंनी नारळ काखेत धरून वायर सोडवल्या.

निशातने फोटोचा कोपरा नखाने उचलला. त्याबरोबर नळीचा कागदही उठायला लागला. "निघत नाई. ओढलं तं नळीच फाटंल."

शफीभाईने खिशातली पुडी काढली. अडीचचा पाता. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा अंगठा फोटोवरून फिरवला. एका जागी तो किंचित आत गेला. टोकापासून दोन मिलिमीटरवर पाता नखात घट्ट धरला, म्हणजे आत यंत्राला लागायला नको, आणि चिमटीत फिरवला. पाता जरासुद्धा हलला नाही. ते कसं, ते तीस वर्षं एकच काम करणाऱ्याला विचारावं. पहिलं भोक डाव्या कानाच्या पलीकडं निघालं. दुसरं पाठीमागं कोऱ्या जागी, तिसरं उजव्या कानाच्या पलीकडं. चौथ्यासाठी अंगठा फिरत फिरत समोर आला आणि थांबला.

"नाकात येऊन राह्यलं," निशात हळूच म्हणाली.

"कोणत्या?"

"उजव्या."

शफीभाईने मांडवाकडं पाहिलं नाही. पाता टेकवला आणि फिरवला. कडा नखाने साफ केल्या. पिप्-पिप् आवाज, जो इतका वेळ रजईतून आल्यासारखा येत होता, तो एकदम मोकळा झाला.

"शफी, काय करून राह्यला तू तिथी?" भोंगा म्हणाला.

त्याचं उत्तर भोंग्यापर्यंत जाणार नव्हतं, म्हणूनच बहुधा त्याला देता आलं. "श्वास घ्यायले जागा करून राह्यलो, साहेब."

त्याला दोरीमागं जायला सांगितलं. तो गेला नाही. निशातच्या टेबलाशेजारी उभा राहिला. चंचलताईंनी एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि आग्रह धरला नाही. पुन्हा दहापासून मोजलं, या वेळी निशातनेच, माइकशिवाय.

फुस्स झालं, मग फाडल्यासारखा आवाज, आणि सळई रिकामी. धुराची रेघ वर, तिच्या टोकाला एक काळा ठिपका. मग आवाज थांबला. तोच वेळ वाईट होता. आवाज थांबला तरी ते वर जात होतं, आणि वर जाणारं कधी खाली यायला लागतं, ते इथून दिसत नव्हतं. लहान झालं तर उशीर. घाईत फिरवलेला पाता, फोटोची उरलेली एखादी साल भोकात वळली असेल. डाळीचं टरफलही एवढंसंच होतं. शफीभाईने निशातचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. कवेलू फुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. तो आतलाच होता.

"अब्बा, हात दुखते."

त्याने सोडला नाही.

"अब्बा, पाहा ना. उघडलं."

त्याने एक डोळा उघडला. लाल छत्री, तिच्याखाली लोंबत, डुलत, रॉकेट सागाच्या दिशेने निघालं होतं.

ते आणायला दहा जण काठ्या घेऊन गेले, पुढं वनरक्षक, सगळे मुद्दाम मोठ्याने खोकत. रॉकेट पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी सापडलं. मांडवात आणून ठेवलं तेव्हा यंत्र अजून बोलत होतं. गाठलेली उंची ते शिट्ट्यांनी सांगतं, एकेक आकडा, मग थोडं थांबून पुढचा. शिट्ट्या मोजायचं काम शफीभाईला शिकवावं लागलं नाही. दोन. आठ. सात.

"दोनशे सत्त्याऐंशी मीटर," निशातने वहीत लिहिलं.

गर्दी बाजूला झाली आणि गुणवंतराव पुढं आले. त्यांनी रॉकेट उचललं, फिरवून फिरवून स्वतःचा चेहरा शोधला, तो सापडला तसा त्यावर अंगठा ठेवला. दादाजीने तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात सरकवला.

"शफी, माह्या नाकात भोक पाडलं तू."

शफीभाईला गाळा दिसला, करारनामा दिसला, शहजादी दुकानासमोर कुकर गोळा करताना दिसली. तोंड उघडलं तेव्हा "माफ करा" म्हणायचं, हे ठरलेलं होतं.

"भोक आंधीचं आहे साहेब," तो म्हणाला. "शुक्रवारचं. फोटो आज आला."

गुणवंतरावांनी त्याच्याकडं पाहिलं. मग चाळीस पावलांवरच्या त्या टेबलाकडं, मग चारशे माणसांकडं. त्यांत त्यांची नातही पहिल्या रांगेत बसली होती. हिशेब करायला त्यांनाही वेळ लागत नसे. फक्त आजवर त्यात हवा धरायची वेळ आली नव्हती.

"अतुल," ते म्हणाले, "फोटो वीतभर वर लावता येत नव्हता काय तुले?"

अतुलने खुर्च्यांकडं पाहिलं. लोक हसायला लागले, आधी दबकत, मग मोकळे.

शफीभाई हसला नाही. तो मांडवाच्या खांबाला धरून हळूहळू खाली, धसकटांतच बसला. रॉकेटमधलं यंत्र पुन्हा पहिल्यापासून सांगत होतं. दोन. आठ. सात.

"बंद कर बेटा," तो म्हणाला. "शिजली डाळ."